राजेपण सुटतं की बदलतं? एका काल्पनिक व्हॉलीबॉलपटूची वाढ

(गोरेगाव इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय वाचून काही जणांच्या कपाळावर आठी पडली असेल. माणूस तत्त्वज्ञानाचा, वय सत्तरीच्या पुढे, आणि बोलणार कशावर, तर जपानी चित्रकथेतल्या एका शाळकरी व्हॉलीबॉलपटूवर! (हशा) पण आपण गोरेगावात बसलोय. पूर्वेला दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. काल्पनिक माणसं तयार करण्याचा कारखानाच आहे तो. तेव्हा निदान गोरेगावकरांनी तरी असं विचारू नये की, जो मुलगा नाहीच त्याच्यावर तासभर कशाला बोलायचं.

तरीही उत्तर देतो. ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात म्हटलंय की काव्य हे इतिहासापेक्षा जास्त तत्त्वज्ञानाच्या जवळचं असतं. इतिहास सांगतो काय घडलं. काव्य सांगतं, अशा प्रकारचा माणूस असेल तर काय घडू शकतं. खऱ्या मुलाबद्दल आपल्याला फार थोडं ठाऊक असतं. त्याचे मार्क, त्याचं वागणं, शेजाऱ्यांनी सांगितलेलं काहीतरी. काल्पनिक मुलाचं आतलं बाहेरचं सगळं लेखक आपल्यासमोर मांडू शकतो. म्हणून ‘माणूस वाढतो म्हणजे नेमकं काय होतं?’ हा प्रश्न तिथे जास्त स्वच्छ दिसतो.

मुलाचं नाव कागेयामा तोबिओ. जपानीत आडनाव आधी, नाव नंतर. कथेचं नाव ‘हाइक्यू’. जपानीत हा व्हॉलीबॉलसाठीचाच शब्द आहे. लेखक-चित्रकार फुरुदाते हारुइची. ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात ही कथा २०१२ ते २०२० अशी साडेआठ वर्षं चालली, तिचे ४५ खंड झाले, आणि २०१४ पासून तिची ॲनिमे मालिकाही आली. आपल्या घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलं ती बघतात. आजी-आजोबांना वाटतं, कार्टून चाललंय. थोडं शेजारी बसून बघा, एवढंच सुचवतो.

आधी खेळ समजून घेऊ

या मुलाचा स्वभाव कळायचा असेल तर खेळाचे नियम कळायला हवेत. इथे दोन्ही गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

व्हॉलीबॉल १८९५ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी, विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या शिक्षकाने तयार केला. त्यात दोन नियम असे आहेत की त्यांच्यामुळे तो बाकीच्या बहुतेक खेळांपेक्षा वेगळा होतो. पहिला, चेंडू पकडून ठेवता येत नाही. दुसरा, ब्लॉकचा अपवाद सोडला तर एकाच खेळाडूला लागोपाठ दोनदा चेंडूला हात लावता येत नाही. संघाला मिळतात तीन स्पर्श, आणि तेवढ्यात चेंडू पलीकडे जायला हवा.

याचा अर्थ काय झाला बघा. फुटबॉलमध्ये एखादा असामान्य खेळाडू पाच जणांना चकवून एकटा गोल करू शकतो. क्रिकेटमध्ये एकटा फलंदाज सामना काढून नेतो. व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस सोडली तर एकट्याने फारसं काही होत नाही. चेंडू दुसऱ्याच्या हवाली करावाच लागतो. तुम्हाला तो माणूस आवडो न आवडो.

आणि कागेयामा आहे सेटर. आपल्याकडे मैदानावर कुणी त्याला लिफ्टर म्हणतात, कुणी बूस्टर. तिघांतला मधला स्पर्श त्याचा. पहिल्याने कसाबसा उचललेला चेंडू त्याने बोटांवर घ्यायचा आणि स्मॅश मारणाऱ्याला हवा तिथे, हवा तेव्हा द्यायचा. टाळ्या पडतात स्मॅशला. सेटरचं काम संगीतातल्या साथीदारासारखं. मैफल गायकाच्या नावाने लागते, पण ठेका डळमळला तर गायकाचं काही खरं नाही.

जपानमध्ये या कामाला मोठी परंपरा आहे. व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९६४ साली टोकियोत, आणि जपानच्या महिलांनी सुवर्णपदक घेतलं. १९७२ साली म्युनिकला पुरुष संघाने सुवर्ण मिळवलं. मात्सुदाइरा यासुताका हे प्रशिक्षक आणि नेकोता कात्सुतोशी हा सेटर. उंचीने कमी असलेल्या या संघाने वेगाचा मार्ग धरला. समोरचे ब्लॉकसाठी हात वर करतात न करतात तोच चेंडू खाली. म्हणजे सेटर आणि मारणारा यांच्यात क्षणाच्या काही हिश्श्यांचा मेळ हवा. कागेयामाची सगळी गोष्ट या मेळाची गोष्ट आहे.

न मारलेली उडी

जपानच्या ईशान्येला मियागी नावाचा प्रांत आहे. तिथल्या कितागावा दाइइची या माध्यमिक शाळेत कागेयामा शिकतो. खेळाच्या बाबतीत अलौकिक. समोरच्या संघाचा ब्लॉक कुठे उभा राहतोय हे त्याला एका नजरेत कळतं, आणि चेंडू त्याला हव्या त्या इंचावर जातो. इतकं काटेकोर काम की बोटांची नखंसुद्धा तो जपून घासून ठेवतो.

त्याला एक टोपणनाव पडलेलं आहे, ‘कोर्टावरचा राजा’. बाहेरच्या शाळांतली मुलं हे नाव ऐकून दबकतात, त्यांना वाटतं ही कौतुकाची पदवी. प्रत्यक्षात ती त्याच्याच संघातल्या मुलांनी चिडून दिलेली आहे. राजा म्हणजे हुकूमशहा. आणखी जोरात पळा, आणखी उंच उड्या मारा, जिंकायचं असेल तर माझ्या चेंडूपर्यंत तुम्ही पोहोचा, असं त्याचं सततचं ओरडणं.

आणि मग प्रांताच्या अंतिम सामन्यात ते घडतं. तो नेहमीसारखा वेगवान चेंडू देतो. तिथे कुणी नसतं. कुणी उडीच मारलेली नसते. चेंडू शांतपणे जमिनीवर पडतो. प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतात.

मंडळी, या प्रसंगाकडे मी नीतिशास्त्राचा विद्यार्थी म्हणून बघतो. सोपं उत्तर तयार असतं, मुलगा गर्विष्ठ होता, त्याला धडा मिळाला. पण नीट बघा, त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ब्लॉक चुकवायचा तर वेग वाढवायलाच हवा होता. खेळाचं गणित त्याच्या बाजूने होतं. म्हणजे इथे अडचण अज्ञानाची नाही. बरोबर असूनही माणूस एकटा पडू शकतो, ही अडचण आहे. या सभागृहात असे बरेच जण असतील, ऑफिसात, घरात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये! (हशा)

मग चुकलं कुठे? मार्टिन बुबर नावाचा विचारवंत होऊन गेला. १९२३ साली त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं की माणसाची जगाशी दोन प्रकारची नाती असतात. एक ‘मी आणि ते’, दुसरं ‘मी आणि तू’. ‘ते’ म्हणजे वस्तू, वापरायची, मोजायची, जागेवर ठेवायची. ‘तू’ म्हणजे जो उलट बोलू शकतो. कागेयामाच्या लेखी त्याचे सहकारी हे चेंडूच्या रेषेवरचे बिंदू होते. इतकी उंची, इतका वेग, इतक्या सेकंदांनी तिथे. बिंदू बोलत नाहीत, दमत नाहीत, आणि नकारही देत नाहीत.

त्या दिवशी त्यांनी नकार दिला. तोंडाने बोलून काही उपयोग होत नाही हे कळल्यावर त्यांच्याकडे एकच भाषा उरली होती. न मारलेली उडी हे एक वाक्य होतं. ‘आम्हीही आहोत’ असं सांगणारं. फुरुदातेने त्या मुलांना खलनायक केलेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. किंदाइची आणि कुनिमी ही त्यांची नावं. पुढे ते दुसऱ्या शाळेच्या संघात छान खेळताना दिसतात. त्यातला कुनिमी जात्याच शक्ती जपून वापरणारा. कागेयामाला तो आळशी वाटायचा. नव्या संघाचा सेटर ओइकावा त्याच जपून खेळण्याचा उपयोग करून घेतो. सगळे दमलेले असताना शेवटी हा ताजा असतो. एका सामन्यात जाळीच्या पलीकडून कागेयामा कुनिमीला हसताना बघतो. तीन वर्षं ज्याच्याबरोबर खेळलो तो हसतो, हे त्याला तेव्हा दिसतं.

दोघांचा मेळ, आणि त्यातली फट

उच्च माध्यमिकला कागेयामाला शिराटोरिझावा या बलाढ्य शाळेत जायचं होतं. प्रवेश परीक्षेत तो नापास होतो. मग येतो कारासुनोत. या नावात जपानी भाषेतला कावळा आहे. एके काळी नावाजलेली, आता मागे पडलेली शाळा. तिथे त्याला भेटतो हिनाता शोयो. बुटका, तंत्र कच्चं, पण उडी अशी की बघणारा थक्क व्हावा. दोघांच्या आडनावांत लेखकाने गंमत केलीय. कागेयामात सावली आहे, हिनातात ऊन.

पहिल्याच दिवशी दोघं इतके भांडतात की कर्णधार सावामुरा त्यांना व्यायामशाळेबाहेर काढतो. एकत्र खेळायला शिका, मगच आत या. तरीही कागेयामाचा हट्ट तोच. मला सेटर म्हणून खेळायचंय, आणि जो माझ्या वेगाला पुरा पडेल त्यालाच चेंडू देणार.

इथे एक तिसरा माणूस येतो आणि माझ्या मते तो या कथेतला खरा शिक्षक आहे. सुगावारा. तिसऱ्या वर्षाचा, संघाचा आधीचा सेटर. कागेयामा आल्यामुळे त्याची जागा जाणार हे त्याला स्वच्छ दिसतंय. आणि तोच कागेयामाला सांगतो की, समोरच्या संघाचा ब्लॉक तुला इतका नेमका दिसतो, मग आपल्या बाजूचे खेळाडू दिसणार नाहीत असं कसं होईल? बघा, तो ‘नम्र हो’ म्हणत नाही. ‘तुझी जी शक्ती आहे तीच थोडी अलीकडे वळव’ म्हणतो. चांगला शिक्षक दोषावर बोट ठेवतो तेव्हा त्याच दोषात लपलेला गुणही दाखवतो.

मग ती प्रसिद्ध खेळी जमते. हिनाता डोळे मिटून पूर्ण वेगाने उडी मारतो, हात फिरवतो, आणि कागेयामा त्या फिरणाऱ्या तळहातावर चेंडू आणून ठेवतो. आता चेंडू माणसापर्यंत जातो, माणसाने चेंडूपर्यंत पळायचं नाही. वाचक टाळ्या वाजवतात, चला, राजा सुधारला.

थांबा. डोळे मिटलेल्या माणसाशी संवाद होतो का? हिनाताचा विश्वास खरा आहे, सुंदर आहे, पण ठरवतोय अजूनही एकटा कागेयामाच. प्रजा खूश आहे एवढंच. प्रेमळ हुकूमशहा हाही हुकूमशहाच असतो. घराघरांत हे चालतं. मुलाला काय हवं ते आम्हाला कळतं, त्याने फक्त विश्वास ठेवावा, असं आई-वडील म्हणतात तेव्हा ते मुलाला डोळे मिटून उडी मारायला सांगत असतात.

लेखकाला हे कळलेलं आहे. कारण पुढे एका पराभवानंतर हिनाता म्हणतो, मला डोळे उघडे ठेवून खेळायचंय, हवेत असताना काय करायचं ते मला ठरवायचंय. कागेयामा भडकतो. जमलेली गोष्ट का मोडायची? दोघांत मारामारीपर्यंत वेळ येते. आणि तेव्हा कागेयामा अशी गोष्ट करतो जी माध्यमिक शाळेतला राजा करू शकला नसता. तो जाऊन ओइकावाला विचारतो.

हा ओइकावा म्हणजे त्याच्या जुन्या शाळेतला त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा सेटर. मेहनती, पण मागून येणाऱ्या या प्रतिभावान पोराच्या धसक्याने कासावीस झालेला. एकदा तर लहानग्या कागेयामाने सर्व्हिस शिकवा म्हटल्यावर त्याने हात उगारला होता, मित्राने वेळीच अडवलं. त्याच ओइकावाकडून कागेयामाला उत्तर मिळतं. त्याचा आशय असा की, त्या झटपट खेळीवर ताबा असायला हवा तो मारणाऱ्याचा. त्याला हवा तसा चेंडू देण्याचा तू जिवापाड प्रयत्न केलास का? केला नसशील तर तू पुन्हा जुना राजा होतो आहेस.

मग सुरू होतो सराव. आता चेंडू असा द्यायचा की तो मारणाऱ्याच्या समोर येऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हावा आणि खाली येऊ लागावा. आधीचा चेंडू त्या बिंदूतून सरकन पुढे निघून जायचा. वेग तोच, पण आता त्या क्षणभरात हिनाता बघू शकतो, निवडू शकतो. इथे मला नीतिशास्त्राचा एक धडाच दिसतो. दुसऱ्याचं स्वातंत्र्य मान्य करणं म्हणजे नुसतं ‘हो, तू स्वतंत्र आहेस’ असं म्हणणं नव्हे. आपल्या कामात त्याच्या निर्णयासाठी जागा ठेवावी लागते. आणि ती जागा तयार करायला जास्त कौशल्य लागतं. तबलजीची लय कितीही शुद्ध असो, गायकाला श्वास घ्यायला तिच्यात जागा नसेल तर त्याला साथ म्हणत नाहीत.

ॲरिस्टॉटल म्हणायचा की सद्गुण सवयीने येतात. वीणा वाजवून वादक होतो, तसा न्यायाची कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो. कागेयामाला उपदेशाने शहाणपण आलेलं नाही. हजारो वेळा चेंडू थांबवण्याचा सराव करताना त्याच्या बोटांना दुसऱ्याची दखल घ्यायची सवय लागली.

‘शहाणं बाळ’ होण्याचा धोका

इथे बहुतेक गोष्टी संपतात. मुलगा हट्टी होता, समजूतदार झाला, समाप्त. ‘हाइक्यू’ इथे संपत नाही, आणि म्हणूनच मी आज ती निवडली.

कागेयामाला देशभरातल्या निवडक तरुण खेळाडूंच्या शिबिराचं बोलावणं येतं. तिथे मिया आत्सुमु नावाचा दुसरा सेटर त्याला एक टोमणा मारतो. ‘शहाणं बाळ’ या अर्थाचा. म्हणजे मैदानावर फारच सोज्वळ, प्रत्येकाला जे हवं ते मुकाट्याने देणारा. कागेयामाला कळतच नाही याचा अर्थ काय. पण शब्द टोचतो.

परत आल्यावर सरावाच्या एका सामन्यात त्याचा तोल जातो. तो सहकाऱ्यांवर ओरडतो, यापेक्षा चांगलं खेळा म्हणून. आणि तत्क्षणी गप्प होतो. कारण त्याला तो जमिनीवर पडलेला चेंडू आठवतो. आता हेही जातील, असं त्याला वाटतं. त्या शांततेत आपल्याला समजतं की एवढे दिवस आपण ज्याला त्याचं सुधारणं म्हणत होतो, त्यातला काही भाग निव्वळ भीतीचा होता.

यावर हिनाताची प्रतिक्रिया काय? तो अगदी साधेपणाने विचारतो की राजा असण्यात एवढं वाईट काय आहे. राजा काहीही म्हणो, मला पटलं नाही तर मी ऐकणार नाही, असा त्याचा भाव. बस्स. आणि कागेयामा मोकळा होतो.

सगळ्या कथेचा गाभा मला या साध्या बोलण्यात दिसतो. राजेपण सुटावं लागलं नाही, ते बदललं. पहिल्या टप्प्यात मागणी होती, नकाराला जागा नव्हती. ती झाली हुकूमशाही. दुसऱ्या टप्प्यात मागणीच बंद केली. ती झाली भीतीपोटीची सेवा. तिसऱ्या टप्प्यात मागणी आहे, पूर्ण ताकदीने आहे, आणि समोरच्याला नाही म्हणायची मोकळीकही तितकीच पूर्ण आहे. याला मी संवाद म्हणतो.

आणि लक्षात घ्या, या तिसऱ्या टप्प्यावर कागेयामा एकटा पोहोचत नाही. त्यासाठी समोर हिनातासारखा न घाबरणारा माणूस लागतो. ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस जवळ असणं, ही ज्याच्याकडे अधिकार आहे त्याची फार मोठी गरज असते.

आपल्या परंपरेतला दाखला द्यायचा तर गीतेचा देतो. आपण गीतेला उपदेश म्हणतो. पण अठराव्या अध्यायात, सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेप्रमाणे कर. साक्षात भगवंत, रणांगण समोर, वेळ थोडा. तरी शेवटचा निर्णय अर्जुनाचा. चेंडू हवेत सोडलेला आहे, मारायचा अर्जुनाने.

आजोबा शेवटी का भेटतात

आता रचनेबद्दल एक मुद्दा. कागेयामा असा का झाला, हे लेखक आपल्याला कथेच्या अगदी शेवटच्या भागात सांगतो. त्याला खेळाची गोडी लावली आजोबांनी. ते स्वतः व्हॉलीबॉल शिकवायचे. मोठी बहीणही खेळायची, पुढे तिने सोडलं. आजोबांनी नातवाला सांगितलेलं असतं की तू खरोखर चांगला झालास तर तुझ्याहून चांगला कुणीतरी तुझ्यासमोर नक्की येईल. तो माध्यमिक शाळेत असतानाच आजोबा वारतात.

हिशेब करा. घरातला एकमेव खेळसोबती गेला, आणि त्याच वर्षांत हा मुलगा मैदानावर ‘आणखी वेगाने, आणखी उंच’ असं ओरडत होता. वर्गातल्या मुलांना तो उर्मट दिसला. तो कदाचित कुणालातरी शोधत होता.

हे आधी सांगितलं असतं तर आपल्याला त्याची दया आली असती, आणि दयेपोटी आपण त्याच्या वागण्याला माफी दिली असती. लेखकाने तसं केलं नाही. आधी त्याच्या वागण्याची किंमत त्याला मोजू दिली आणि मग कारण दाखवलं. कारण समजणं आणि जबाबदारी माफ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वेळी आपल्यालाही चिमटा बसतो. इतके खंड आपण या मुलाबद्दल मतं बनवली, ती केवढ्याशा माहितीवर! प्रगतिपुस्तकावर ‘हुशार आहे, पण कुणाशी पटत नाही’ असा शेरा मारणाऱ्या आम्हा मास्तरांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवा. फुरसुंगीचा बनेश. तो मला अतिशय प्रिय आहे, पण तो बदलत नाही. पहिल्या गोष्टीतला फाफे आणि शेवटच्या गोष्टीतला फाफे एकच, आणि तेच त्याचं सुख आहे. साहसकथेतला नायक जग बदलतो. कागेयामाच्या प्रकारच्या कथेत जग फारसं बदलत नाही. जाळी तीच, २.४३ मीटरची. बदलतो तो तिच्याकडे बघणारा.

एक रास्त आक्षेप

काही जण म्हणतील, अहो, ही बाजारी चित्रकथा आहे. यात शेवटी सगळे यशस्वी होतात. कागेयामा तर १९व्या वर्षी रिओ ऑलिंपिकला जातो. प्रत्यक्षात जपानचा पुरुष संघ २०१६ साली रिओला पात्रही ठरला नव्हता! आक्षेप खरा आहे. यशाने वाढीवर शिक्का मारायचा, ही सवय वाईटच. आपल्या घरांतही ‘बघा, सुधारला आणि नव्वद टक्के मिळाले’ असं म्हणतात. समजा, सुधारला आणि साठच मिळाले, मग काय?

पण कथेत याचंही उत्तर आहे. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत कारासुनो उपांत्यपूर्व फेरीत हरतं. हिनाता तापाने फणफणलेला, त्याला मैदानाबाहेर जावं लागतं. तीन टप्प्यांतून गेलेला आपला राजा त्या दिवशी विजेता होत नाही. आणि तरीही तो आता माध्यमिक शाळेतल्यासारखा एकटा नाही. त्या जुन्या अंतिम सामन्यात आणि या पराभवात फरक गुणफलकाचा नाही. या वेळी त्याने दिलेल्या प्रत्येक चेंडूसाठी कुणीतरी उडी मारलेली आहे.

ॲलस्डेर मॅकिंटायर यांनी १९८१ साली एक भेद मांडला. प्रत्येक कलेत, खेळात दोन प्रकारचे लाभ असतात. बाहेरचे म्हणजे पैसा, पदक, नाव. एकाला मिळाले की दुसऱ्याला कमी पडतात. आणि आतले, जे तो खेळ मनापासून खेळल्याशिवाय मिळतच नाहीत, आणि एकाला मिळाले तर सगळ्यांचीच भर पडते. हिनाताच्या हातावर येऊन क्षणभर थांबलेला चेंडू हा असा आतला लाभ. त्याचं पदक नसतं.

एवढं बोलून थांबतो. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आमचा मुलगा अगदी असाच आहे. हुशार, पण गटात बसत नाही. शाळा म्हणते, त्याला आधी नम्रता शिकवा. काय करावं?

तुमच्या मुलाला मी ओळखत नाही, तेव्हा औषध लिहून देत नाही. दोन गोष्टी सुचवतो. सुगावारासारखं त्याला विचारा, तुला एवढं दिसतं, मग शेजारचा का दिसत नाही? त्याची हुशारी दाबू नका, तिला आणखी एक विषय द्या, माणसं. दुसरं म्हणजे, त्याला ‘नाही’ म्हणणारा एखादा मित्र असेल तर त्याला घरी चहाला बोलवत जा. फार मोलाचा मुलगा आहे तो. भांडले तर लगेच मध्ये पडू नका.

प्रश्न : मग ज्या मुलांनी उडी मारली नाही, त्यांचं बरोबर होतं का? संघाचं नुकसान झालंच ना?

चांगला प्रश्न. झालं नुकसान. अंतिम सामना होता, त्यांनीही तीन वर्षं घाम गाळला होता. मी त्याला आदर्श म्हणणार नाही. आधी बोलायला हवं होतं, प्रशिक्षकांनी आधी ऐकायला हवं होतं. मोठी माणसं तिथे असताना पंधरा वर्षांच्या पोरांना असा नकार द्यावा लागला, हे अपयश मी आधी मोठ्यांचं मानतो. पण एक सांगतो. त्या मुलांनी उडी मारली असती, मनातून तुटून, नुसतं ओरडणं टाळायला म्हणून, तर तो सामना कदाचित जिंकले असते, आणि कागेयामा आयुष्यभर तसाच राहिला असता. त्यांच्या नकाराने त्याचं नुकसान झालं आणि त्याची वाढही तिथूनच सुरू झाली. दोन्ही खरं आहे. आपल्याला कुणी नकार देतं तेव्हा राग येतो, तो येऊ द्यावा. राग उतरला की एकदा विचारावं, हा माणूस आपल्याला काय सांगत होता?

वेळ झाली.  घरी गेल्यावर नातवंडांना सांगा, आज कागेयामावर व्याख्यान ऐकून आलो. ती तुमच्या चुका काढतील. काढू द्या.